डॉक्टर नसलेले हाफकिन

कापसात आणि सोयाबीनमध्ये खुरपणी सुरू झाली, की परभणी जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. गंगाखेड असो, जिंतूर असो की पाथरी. रात्री-अपरात्री नातेवाईक रुग्णाला घेऊन धावत येतात, फ्रिज उघडला जातो आणि सापाच्या लशीची कुपी बाहेर निघते. त्या कुपीवर अनेकदा ‘हाफकिन’ हे नाव छापलेले असते. लहान मुलांना पाजायच्या पोलिओच्या थेंबांमुळेही हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. मधली काही वर्षे सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी याच नावाच्या महामंडळाकडे होती, त्यामुळे औषध भांडारातल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ते दिवसातून दहा वेळा येत असे. अनेकांना ते एखाद्या कंपनीचे नाव वाटते, काहींना परळमधल्या एका जुन्या इमारतीचे. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. त्या माणसाने सापाच्या विषावर किंवा पोलिओवर काम केले म्हणून ते कुपीवर आलेले नाही. आणि विशेष म्हणजे त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवीही नव्हती.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात ते विज्ञान शिकायला गेले आणि इलिया मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली आले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवून देणारे ते हेच मेचनिकॉव्ह. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. वस्तीच्या रक्षणासाठी तरुणांनी जे गट उभे केले, त्यांत हाफकिन होते. एका दंगलीत ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली, आणि मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकल्यामुळे सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही. काही वर्षे प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात नोकरी करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडा काळ काढून ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले, कारण गुरू मेचनिकॉव्ह तिथेच होते. जागा मिळाली ती मात्र ग्रंथपालाच्या मदतनिसाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे. जीव रमवायला व्हायोलिन होते.

तो काळ जंतुशास्त्राचा ऐन भराचा होता. एकेका रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सापडत होता. पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला होता, पण त्यावर चालेल अशी लस नव्हती. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटात सोडले, तिथून काढून दुसऱ्याच्या पोटात, मग तिसऱ्याच्या, असे एकोणचाळीस वेळा केले. दर वेळी जंतू अधिक जहाल होत गेला. त्याच जंतूला दुसऱ्या बाजूने ३९ अंश सेल्सियसवर सतत हवा देत वाढवून त्यांनी दुबळा केला. आधी दुबळ्या जंतूंची सुई, काही दिवसांनी जहाल जंतूंची, अशी ही दोन टोचण्यांची पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच घेतली. ताप आला, टोचल्याजागी दुखले, आणि काही दिवसांत ते ठणठणीत झाले.

लस तयार होती, पण ती खरोखर काम करते का, हे कळायला पटकीची साथ हवी होती आणि तीही जिथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली आहे अशी. पॅरिसमध्ये त्या वेळी इंग्लंडचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यामुळे पटकी म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांच्या पाठिंब्याने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थान, बंगाल आणि आसामचे चहाचे मळे पालथे घालून त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत, तळ्याभोवती राहणाऱ्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे वस्तीत पटकीचे रुग्ण निघाले, ते सगळे लस न घेतलेल्यांतले होते. मधल्या काळात मलेरियाने हाफकिन यांची प्रकृती इतकी ढासळली, की त्यांना काही महिने इंग्लंडला जावे लागले. ते परत आले आणि काही महिन्यांत त्यांना मुंबईला जाण्याचा सरकारी हुकूम मिळाला.

मुंबईत प्लेग सुरू झाला होता. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीच्या दाट वस्तीतल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची कोठारे, कोठारांत उंदीर, आणि वर खोल्यांत खच्चून भरलेली माणसे. काखेत किंवा जांघेत गाठ, सपाटून ताप, बरळणे आणि चार-सहा दिवसांत मृत्यू. जवळपास निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. जाताना काही जण साथ बरोबर घेऊन गेले. पुण्यात काय झाले, हे शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, जबरदस्तीने हलवलेले रुग्ण, जाळलेले सामान, आणि अखेर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला होता. मराठवाड्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातही गाठीचा ताप पोहोचला. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून शेतात खोपटी घालायची, हा शहाणपणा लोकांनी स्वतःच्या अनुभवातून काढला होता. शास्त्राच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरे रक्त शोधते आणि माणसाला चावते. पॉल-लुई सिमॉन यांनी कराचीत १८९८ मध्ये ही पिसवांची भूमिका दाखवली, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली होती.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. त्यांना मिळाली एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता, त्यामुळे शत्रू कोण हे माहीत होते. या वेळी हाफकिन यांनी जिवंत जंतूंची वाट सोडली. प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे, मग उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे असे त्यांनी ठरवले. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला शत्रूची ओळख पटवायला त्याचे प्रेतही पुरते, हे त्यामागचे तत्त्व.

अडचण जंतू वाढवण्याची होती. मांसाच्या पोषक द्रवात प्लेगचे जंतू मुबलक वाढेनात. हाफकिन यांनी त्या द्रवावर तुपाचे थेंब सोडले. चक्क घरातले तूप! तरंगणाऱ्या थेंबांना खालून चिकटून जंतू वाढू लागले आणि झुंबराच्या लोलकांसारख्या त्यांच्या लडी खाली लोंबू लागल्या. बाटली हलवली की लडी तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे चालल्यावर बाटली सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवायची आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालून ठेवायची. हे कार्बोलिक म्हणजे जुन्या दवाखान्यांना ज्याचा वास येई तेच. उष्णतेने जंतू मरत आणि बाटलीत नंतर एखादा परका जंतू शिरलाच तर त्याची वाढ होऊ नये, याची काळजी कार्बोलिक घेई. त्या कार्बोलिकचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. एका मदतनिसाला कामाच्या ताणाने मानसिक त्रास सुरू झाला, दोघे सोडून गेले, असे ते तीन महिने होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना जेवढी दिली गेली त्यापेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. ही गोष्ट कॉलेजातल्या एक-दोघांखेरीज कोणाला सांगितली नव्हती. सणकून ताप आला, अंग ठणकले. ते त्याही अवस्थेत कामावर येत राहिले. स्वतःवर प्रयोग करण्याची ही रीत आज कोणत्याही नैतिक समितीला मान्य होणार नाही आणि एका माणसाला काही झाले नाही, यावरून लस सुरक्षित आहे असेही सिद्ध होत नाही. पण त्या मुंबईत, जिथे सरकारी सुईत विष आहे अशी अफवा गल्लोगल्ली पसरलेली होती, तिथे दुसऱ्याच्या दंडाला हात लावण्याआधी स्वतःचा दंड पुढे करण्याला वेगळे वजन होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घ्यायची तयारी दाखवली. बाकीच्यांनी घेतली नाही. अन्न एक, पाणी एक, बराकी त्याच. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले. कैद्याची तयारी ही खरोखर किती मोकळेपणाची असते, हा प्रश्न आहेच. हाफकिन यांची हिशेबाची शिस्त मात्र बघण्यासारखी आहे. लस घेतलेले किती वाचले एवढेच ते मोजत नसत. अगदी त्याच परिस्थितीत राहणारे, लस न घेतलेले किती आजारी पडले, हे शेजारी लिहून ठेवत. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले. आजच्या औषध चाचण्यांची बाराखडी या आकड्यांत आहे.

लोकांचा विश्वास बसायला आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्यांच्यामागे त्यांच्या समाजाचे हजारो लोक पुढे आले. जबरदस्तीने जे पुण्यात साधले नाही, ते इथे एका दंडाने साधले. मागणी एवढी वाढली, की १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवावी लागली. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन १८८२ मध्ये याच वाड्यात पटकीने वारल्या होत्या. नंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलकडे हलवला आणि वाडा ओस पडला. जिथे मेजवान्या झडत त्या दालनात आता जंतूंच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या.

यानंतर जे घडले, त्याची आठवण शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी अशी आहे. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार माजवला होता आणि सरकारला लाखोंच्या संख्येने लस हवी होती. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून परळला पद्धत बदलली गेली. जंतू मारण्यासाठी उष्णता पुरेशी आहे, असे मानून कार्बोलिक वगळण्यात आले. हा बेफिकीरपणा नव्हता, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तसेच करत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळले, पाठीची कमान झाली. तो धनुर्वात होता. एकोणीसही जण दगावले. सगळ्यांना ५३ एन या एकाच बाटलीतून सुई दिली होती. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे पडून राहतो. साध्या उकळत्या पाण्याला तो दाद देईलच असे नाही आणि सौम्य जंतुनाशकात तर तो आरामात राहतो. म्हणूनच आज हत्यारे नुसती उकळून चालत नाहीत. ती ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर ठेवावी लागतात.

तर मग हा बीजाणू बाटलीत शिरला कुठे? परळला बाटली भरताना की मलकोवालला उघडताना? मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याने ठपका परळवर ठेवला. हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ते डॉक्टर नाहीत, इंग्रज नाहीत, वर ज्यू आहेत. लष्करी वैद्यकीय सेवेतल्या अनेकांना ते आधीपासून खुपतच होते. कार्बोलिक वगळल्याची गोष्ट आयोगाला आयती सापडली.

पण तपासात एक साक्ष होती, तिच्याकडे कोणी नीट पाहिले नव्हते. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशक द्रावात बुडवला आणि त्यानेच बाटलीचे बूच ओढून काढले. शिवाय बाटली उघडताना कसलाही वास आला नव्हता. बाटली भरून चाळीसएक दिवस झाले होते. एवढे दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते, तर दुर्गंधी सुटली असती. आणि मग तयार विषच शरीरात गेल्यामुळे लक्षणेही आठवडाभर थांबली नसती, लवकर दिसली असती. हे मुद्दे शास्त्रज्ञांनी मांडायला सुरुवात केली. मलेरिया डासांमुळे होतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस त्यात पुढे होते. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नऊ नामवंतांच्या सह्यांचे पत्र छापून आले आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. मलकोवालच्या एकोणीस घरांना या निकालाने काय मिळाले असेल, हे सांगणे कठीण आहे. जमिनीवर पडलेले हत्यार पुन्हा ट्रेमध्ये ठेवू नये, हे आज शिकाऊ परिचारिकेलाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. एवढ्या साध्या नियमाची किंमत तेव्हा केवढी पडली.

हाफकिन परत आले, पण परळला नाही. तिथली जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवले गेले, अधिकार मर्यादित होते आणि नव्या लशींच्या चाचण्या माणसांवर करायची परवानगी नव्हती. पन्नाशीच्या आत-बाहेरचा, हातात कसब असलेला शास्त्रज्ञ सात-आठ वर्षे बहुतांशी लिखाण करत बसला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. पुढच्या आयुष्यात ते धर्माकडे वळले. लग्न केलेले नव्हते. शिल्लक पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला.

त्यांच्या लशीत उणिवा होत्या. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, संरक्षण काही महिन्यांपुरतेच टिके, आणि प्रत्येक बाटलीची ताकद सारखी नसे. प्लेग झालेल्या माणसाला तर तिचा काहीच उपयोग नव्हता. त्यासाठी जंतूंना शरीरात मारणारे औषध हवे होते. ते प्रतिजैविकांच्या रूपाने आले, पण १९४० नंतर. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जंतूंपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि ते क्षयाबरोबरच प्लेगवरही चालले. वाक्समन हेही मूळचे युक्रेनचे ज्यू, आणि १९६४ मध्ये हाफकिन यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचे रुग्ण निघाले आणि पाठोपाठ सुरतेतून लोंढे बाहेर पडले. तेव्हा लोक शंभर वर्षांपूर्वीसारखेच घाबरले होते. फरक एवढाच, की या वेळी मेडिकलच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल होत्या. काही दिवस त्याही मिळेनाशा झाल्या, कारण गाठ नसलेल्यांनीही त्या मूठभर विकत घेऊन ठेवल्या. जंतूंना औषध ओळखीचे करून द्यायचा हा खात्रीचा मार्ग. ताप उतरला की अर्ध्यावर गोळ्या सोडून देणारे आजही तेच करतात.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक कर्नल मॅकी यांच्या सूचनेवरून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. ज्यांच्या नावाने संस्था उभी होती ते तेव्हा फ्रान्समध्ये, पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे मुंबईच्या कामात गेली, एवढे त्यात लिहिले. मलकोवालच्या प्रकरणाची तक्रार केली नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचे निधन झाले.